हिशेबात न लागलेले कॅल्शिअम

सकाळी नऊ वाजता डाव्या कुपीतील पाण्याचा पाच मिलिलिटर नमुना तपासला, तेव्हा ब्युरेटमधून २.५ मिलिलिटर ईडीटीए, म्हणजे कॅल्शिअमला बांधून घेणारे द्रावण, खर्ची पडले होते. तासाभराने त्याच कुपीतून तेवढाच नमुना पुन्हा घेतला, तर २.२ मिलिलिटरलाच लाल रंग जाऊन निळा आला. म्हणजे ०.३ मिलिलिटरच्या मापाचे कॅल्शिअम डावीकडून निघून गेले होते, आणि दोन कुप्यांच्या मध्ये एका पातळ पटलाखेरीज दुसरे काहीच नसल्यामुळे ते सगळे उजवीकडे सापडायला हवे होते. उजव्या कुपीने मात्र ०.२ एवढेच दाखवले. आमच्या पदव्युत्तर वर्गातील जी विद्यार्थिनी हा प्रकल्प करीत होती, तिने तीन वेळा अनुमापन केले, ब्युरेट धुऊन पुन्हा भरली आणि शेवटी वही माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, "सर, डावीकडचा खर्च आणि उजवीकडची जमा जुळत नाही. एक दशांश कुठेतरी मुरतोय."

कोल्हापुरातील एका महाविद्यालयात मी अनेक वर्षे भौतिक रसायनशास्त्र शिकवतो, आणि आयन-विनिमय पटलांवरचे प्रकरण दरवर्षी फळ्यावर समीकरणे मांडून संपवतो. त्या दिवशी मात्र एका दशांश मिलिलिटरने जे शिकवले, ते माझ्या फळ्यावरून इतक्या थेटपणे कधी पोहोचले नव्हते, म्हणून हा लेख लिहीत आहे. वेगवेगळ्या प्रभाराचे आयन पटलातून पलीकडे कसे जातात, या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे आहेत, ती एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात, आणि पाठ्यपुस्तकात ती दोन वेगळ्या प्रकरणांत छापलेली असल्यामुळे विद्यार्थ्यांना त्यांचा संबंध लागत नाही, असे माझे मत आहे.

प्रयोगाची मांडणी साधी होती. काचेच्या दोन कुप्या, प्रत्येकी २०० मिलिलिटरच्या, मध्ये रबरी कड्यांत पटल धरून चिमट्याने एकमेकींना आवळलेल्या. डावीकडे कॅल्शिअम क्लोराइडचे लिटरला ५ मिलिमोल इतके द्रावण होते. कॅल्शिअम कार्बोनेटच्या मापात सांगायचे तर हा लिटरला ५०० मिलिग्रॅम जडपणा झाला. ज्यांच्या घरी बोअरचे पाणी येते आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, त्यांच्या चांगल्या ओळखीचे हे पाणी. उजवीकडे साध्या मिठाचे लिटरला ०.२ मोल द्रावण. दोन्हीकडे चुंबकीय ढवळणी. पटल आदल्या रात्रीच मिठाच्या पाण्यात भिजत घातले होते. कोरडे असताना ते जुन्या फोटोसारखे कडेने वळते आणि तसेच आवळले तर कड्यातून गळते. नमुन्यात अमोनिया बफर घालून दर्शक म्हणून एरिओक्रोम ब्लॅक टी वापरला. नुसत्या कॅल्शिअमबरोबर हा दर्शक शेवटचा रंग स्पष्ट दाखवत नाही, म्हणून बफरमध्ये मॅग्नेशिअम-ईडीटीए किंचित मिसळून ठेवावे लागते. ही खुबी नव्या विद्यार्थ्याला कोणी सांगत नाही आणि त्याची अर्धी दुपार त्यात जाते.

आता पटलाच्या आत काय असते ते पाहू. धनायन-विनिमय पटल म्हणजे बहुवारिकाचे (पॉलिमरचे), पाणी शोषून फुगलेले जाळे, ज्याच्या धाग्यांवर सल्फोनेट गट रासायनिक बंधाने कायमचे बसवलेले असतात. प्रत्येक गटावर एक ऋण प्रभार असतो आणि तो जागचा हलू शकत नाही. पटल एकूण उदासीन राहायला हवे, म्हणून तेवढेच धन प्रभार असलेले, हिंडू-फिरू शकणारे आयन आतल्या पाण्यात असावेच लागतात. त्यांना प्रतिआयन म्हणतात. आमच्या पटलात रात्रभर मिठाच्या पाण्यात राहिल्याने सर्व जागी सोडिअम होते. ज्या आयनांचा प्रभार जाळ्याच्याच चिन्हाचा असतो ते सहआयन, आमच्या प्रयोगातील क्लोराइड, त्यांना आत फारसा थारा नसतो. ऋणायन-विनिमय पटलात जाळ्यावर चतुर्थक अमोनिअम गट असतात आणि सगळा खेळ उलट चिन्हाने चालतो, एवढाच फरक.

किती थारा मिळतो, हे प्रभारावर कसे अवलंबून असते, ते एकदा आकडे घालून पाहण्यासारखे आहे. फ्रेडरिक डोनन या रसायनशास्त्रज्ञाने, ज्याचा जन्म १८७० साली कोलंबोत झाला होता, १९११ साली पटलाच्या दोन बाजूंच्या समतोलाचा सिद्धान्त मांडला. त्याचा गाभा असा की क्षाराच्या आयनांच्या संहतींचा, म्हणजे द्रावणातील त्यांच्या प्रमाणांचा, त्यांच्या संख्येइतक्या घातांचा गुणाकार, पटलाच्या आत आणि बाहेर सारखा असावा लागतो. पटलातील स्थिर प्रभार लिटरला १ मोल धरा, बाहेर प्रत्येक वेळी लिटरला ०.०१ मोल क्षार ठेवा आणि आयनांच्या परस्परांवरील बारीकसारीक परिणामांकडे दुर्लक्ष करा. बाहेर मीठ असेल तर आतील क्लोराइड बाहेरच्या एक टक्का येते. सोडिअम सल्फेट असेल तर द्विप्रभारी सल्फेट आत ०.०४ टक्के इतकेच शिरते. दुहेरी ऋण प्रभाराला जाळे दुपटीने नव्हे, पंचवीसपटीने अधिक हाकलते. आणि कॅल्शिअम क्लोराइड असेल तर? तेव्हा आतील क्लोराइड बाहेरच्या १४ टक्क्यांपर्यंत चढते. क्लोराइड तेच, पटल तेच, पण सोबतीचा धनायन द्विप्रभारी झाल्याबरोबर पटलाची राखण ढिली पडली. जड पाण्यात धनायन-विनिमय पटलातून क्लोराइडची गळती का वाढते, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

प्रतिआयनांच्या बाबतीत प्रभाराची बाजू बरोबर उलटते. बाहेरच्या पाण्यात सोडिअम आणि कॅल्शिअम यांचा प्रभार निम्मा-निम्मा आहे आणि द्रावण विरळ, एकूण लिटरला ०.०१ सममूल्य (म्हणजे ०.०१ मोल धन प्रभार) इतकेच आहे, असे समजा. हाच हिशेब केला तर पटलाच्या आतील ९३ टक्के जागा कॅल्शिअमने बळकावलेल्या निघतात. याला कोणत्याही खास रासायनिक बंधाची गरज नाही. स्थिर प्रभारांमुळे पटल आणि पाणी यांच्यात जो विभवाचा फरक तयार होतो, त्याचा फायदा दोन प्रभारांच्या आयनाला वर्गाच्या पटीत मिळतो. मात्र बाहेरचे द्रावण शंभरपट तीव्र केले, तर हाच वाटा निम्म्याच्या आसपास उतरतो. घरोघरी किंवा इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये जे सॉफ्टनर चालतात, ते या एकाच गोष्टीवर चालतात: विरळ पाण्यातून रेझिन, म्हणजे अशाच जाळ्याचे मणी, कॅल्शिअम ओढून घेते आणि मिठाचे दाट पाणी सोडले की तेच कॅल्शिअम सोडून देते. सॉफ्टनर विकणारा माणूस मिठाची पोती मोजून सांगतो, पण मीठ पातळ करून जास्त वेळ चालवले तर काम का होत नाही, हे त्याला विचारले की तो विषय बदलतो.

इथवरची गोष्ट ओढीची झाली. कॅल्शिअमला पटलाची ओढ मोठी, ॲल्युमिनिअमला त्याहून मोठी. मग साहजिक प्रश्न येतो, आणि विद्यार्थिनीनेही तो विचारला, की ज्याला ओढ जास्त तो पलीकडेही आधी पोहोचायला नको का?

नाही, कारण आत शिरणे वेगळे आणि आतून चालणे वेगळे. आधी मोकळ्या पाण्यातील चाल पाहा. २५ अंश सेल्सिअसला, सेकंदाला एक अब्जांश चौरस मीटर या एककात, विसरण गुणांक, म्हणजे आयन आपोआप पसरण्याच्या चालीचे माप, पोटॅशिअमचा १.९६, सोडिअमचा १.३३, कॅल्शिअमचा ०.७९ आणि ॲल्युमिनिअमचा ०.५४ आहे. हायड्रोजन आयनाचा ९.३१ आहे, पण त्याची तऱ्हाच न्यारी; तो स्वतः फारसा चालत नाही, पाण्याच्या एका रेणूने दुसऱ्याकडे प्रभार सोपवावा अशी त्याची पद्धत. इतरांत मोठ्यात मोठे अंतर चौपटीचेही नाही. प्रभार वाढला की आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचा घट्ट गराडा बसतो आणि चाल मंदावते, एवढेच मोकळ्या पाण्यात घडते.

पटलात शिरल्यावर हे अंतर फार रुंदावते. घट्ट विणीच्या सल्फोनेट रेझिनमध्ये प्रभार एकाने वाढला की विसरण गुणांक सुमारे दसपटीने घसरतो, असेही दिसून आलेले आहे. सोडिअम एका सल्फोनेटपासून सुटून शेजारच्यापाशी जाऊ शकते; कॅल्शिअमला एकाच वेळी दोन ऋण प्रभारांची पकड असते आणि पुढे सरकायचे तर दोन्ही सैल व्हाव्या लागतात. ज्यांनी चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचताना पाहिली आहे, त्यांना हे पटकन उमगेल. गर्दीतून सुटा माणूस खांद्यावरून, बगलेतून वाट काढतो. पण उंच काठीला चारी बाजूंनी दोऱ्या धरलेल्या असतात आणि ती एक पाऊल पुढे घ्यायची तर प्रत्येक दोरीवाल्याने त्याच क्षणी आपली दोरी ढिली सोडावी लागते. एकाने धरून ठेवली तरी काठी तिथेच डोलते. त्रिप्रभारी आयन हा असा काठीवाला आहे. शिवाय जाळ्यातील वाटाही सरळ नसतात आणि पाण्याने भरलेली जागा पटलाच्या आकारमानाचा एक भागच असते, त्यामुळे सर्वांचीच चाल मंदावते. पण प्रभारानुसार जो भेद पडतो तो प्रामुख्याने पकडीचा.

आमचे पटल सुमारे १५० मायक्रॉन जाडीचे होते. मोकळ्या पाण्यात कॅल्शिअमचा आयन एवढे अंतर साधारण १४ सेकंदांत विसरणाने कापील. तीच चाल पन्नासपटीने मंदावली असे धरले, तर बारा मिनिटे लागतील. या बारा मिनिटांत डावीकडून नवे कॅल्शिअम आत येतच राहते, कारण ओढ जबरदस्त आहे, आणि आतले पुढे सरकते ते रमतगमत. एक दशांश मिलिलिटर कुठे मुरला, याचे उत्तर त्यामुळे पटलातच शोधायला हवे होते.

आम्ही ते शोधले. दुसऱ्या खेपेला सर्व काही तसेच मांडून बरोबर तासाभराने प्रयोग थांबवला, पटल काढून ऊर्ध्वपातित पाण्यात झटकन बुचकळले, टिपकागदाने टिपले आणि मिठाच्या दाट द्रावणात बुडवून ठेवले. संध्याकाळी ते द्रावण तपासले. पहिल्या थेंबाला ते निळे पडले असते, तर माझे स्पष्टीकरण खोटे ठरले असते. ते लालसर राहिले, ब्युरेटची पातळी उतरत राहिली, मग कडेला जांभळट छटा आली आणि एका थेंबासरशी सगळा फ्लास्क निळा झाला. हरवलेले कॅल्शिअम सापडले. विद्यार्थिनीने वहीत जमा आणि खर्च या दोन रकान्यांच्या मध्ये "मुक्कामी" असा तिसरा रकाना आखला. मी तो खोडायला सांगितला नाही.

पहिल्या दिवसाच्या प्रयोगाकडे परत येतो, कारण त्यातला खरा नवलाचा क्षण संध्याकाळी आला. सहाच्या सुमारास डावीकडचा आणि उजवीकडचा नमुना सारखाच निघाला, प्रत्येकी जवळजवळ सव्वा मिलिलिटर. आडोल्फ फिक याने १८५५ साली विसरणाचा जो नियम दिला तो शाळेपासून आपल्या डोक्यात असतो: जास्त संहतीकडून कमीकडे. त्या नियमाने पाहिले तर काम इथे संपायला हवे होते. ढवळणी तशीच चालू ठेवून आम्ही घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी डावीकडच्या नमुन्यात दर्शक टाकताच तो जवळपास निळाच दिसला, आणि उजवीकडे अडीच मिलिलिटरपेक्षा थोडेसेच कमी ईडीटीए लागले. दोन्ही बाजूंना सारखे झाल्यानंतरही कॅल्शिअम चढावर चढून उजवीकडे गेले होते.

याची किंमत सोडिअमने मोजली. उजवीकडे सोडिअम भरपूर, डावीकडे मुळीच नाही. ते डावीकडे येऊ पाहते, पण क्लोराइडला पटल सोबत येऊ देत नाही, म्हणून आलेल्या दर दोन सोडिअममागे एका कॅल्शिअमला उलट जावे लागते. समतोल कुठे होतो, याचा नियम सुटसुटीत आहे: दोन बाजूंच्या सोडिअमच्या गुणोत्तराचा वर्ग म्हणजे कॅल्शिअमचे गुणोत्तर, आणि त्याचा घन म्हणजे त्रिप्रभारी आयनाचे. आमच्या कुप्यांत कॅल्शिअम पुरते निघून गेल्यावर उजवीकडे सोडिअम लिटरला ०.१९ आणि डावीकडे ०.०१ मोल उरते; गुणोत्तर १९, त्याचा वर्ग ३६१. म्हणजे उजवीकडचे कॅल्शिअम डावीकडच्या ३६१ पट होईपर्यंत ही चढण चालू राहू शकते. विजेचा एक वॅटही न वापरता, ढवळणीचा सोडला तर. या पद्धतीला डोनन अपोहन म्हणतात. प्रभार इथे साधा गुणक म्हणून येत नाही, घातांक होऊन येतो, आणि मला वाटते की या प्रकरणातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे तर ते हे.

ढवळणीवरून आठवले. तिसऱ्या खेपेला दुपारी वीज गेली. चाळीस मिनिटांनी ती आल्यावर घेतलेला नमुना आधीच्यापासून जेमतेम हलला होता. पटलाला लागून पाण्याचा एक न हलणारा थर नेहमीच असतो. चांगले ढवळले तर तो काही दशक मायक्रॉनांचा राहतो, ढवळणे थांबले की शेकड्यांवर जातो, आणि विरळ द्रावणातून आयनांना पटलापर्यंत आणून पोहोचवणे हेच मग सर्वांत मंद काम होऊन बसते. अशा वेळी पटलातील पकडीचा भेद मापनात उमटतच नाही. सोडिअम, कॅल्शिअम, सगळे त्या साचलेल्या थरातून जवळपास मोकळ्या पाण्याच्या चालीने येतात. निरनिराळ्या प्रभारांच्या आयनांची पटलातील चाल एकसारखीच आहे, असा निष्कर्ष घेऊन एखादा विद्यार्थी येतो, तेव्हा मी आधी ढवळणी बघतो.

आणखी एक बाब थोडी अवघड आहे, पण ती वगळवत नाही. पटलात सोडिअम आणि कॅल्शिअम उलटसुलट दिशांनी जातात तेव्हा एकूण विद्युतप्रवाह शून्य राहिला पाहिजे, कारण बाहेरून तार जोडलेली नाही. चपळ आयन पुढे धावू लागला की प्रभार किंचित अलग होतात आणि आतल्या आत एक विद्युतक्षेत्र तयार होते. ते चपळाला मागे खेचते आणि मंदाला ढकलते. १८८८ ते १८९० या काळात वाल्टर नर्न्स्ट आणि माक्स प्लँक यांनी या दुहेरी हालचालीचे, म्हणजे संहतीच्या उतारावरच्या आणि क्षेत्रातल्या हालचालीचे, समीकरण बसवले. १९५८ साली फ्रीडरिश हेल्फरिश आणि मिल्टन प्लेसेट यांनी ते आयन-विनिमयाला लावून दाखवले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. दोघांच्या अदलाबदलीचा वेग त्यांच्यातील अल्पसंख्य आयन ठरवतो, आणि ही संख्या मोजताना प्रत्येकाला त्याच्या प्रभाराच्या वर्गाचे वजन मिळते. पटल सोडिअमने भरलेले असताना कॅल्शिअम आत येऊ लागले तर गती कॅल्शिअमची, म्हणजे मंद. तेच पटल कॅल्शिअमने भरलेले असेल आणि सोडिअम आत शिरू लागले तर गती सोडिअमची. जाण्याची आणि येण्याची वाट एकच, पण वेळ निराळा.

हे सगळे कागदावर राहत नाही. समुद्राच्या पाण्यापासून विद्युत अपोहनाने, म्हणजे विजेच्या जोरावर आयन पटलांतून ओढून, मीठ बनवण्याकडे जपान १९७२ पर्यंत पूर्णपणे वळला, आणि तिथे अडचण अशी की पटलांना कॅल्शिअम, मॅग्नेशिअम आणि सल्फेट यांचीच ओढ जास्त, तर हवे असते एकप्रभारी सोडिअम आणि क्लोराइड. त्यावर उपाय म्हणून पटलाच्या पृष्ठभागावर विरुद्ध चिन्हाच्या प्रभाराचा अतिपातळ थर दिला जातो. तो थर एकप्रभारी आयनाला जरा अडवतो आणि द्विप्रभारीला पुष्कळच अडवतो. वरचाच सल्फेटचा हिशेब, कामाला लावलेला. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत मात्र कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम यांना पटलाजवळ फिरकूही देत नाहीत. मिठाच्या पाण्यातील त्यांचे प्रमाण अब्जात काही दशक भागांच्या आत ठेवावे लागते, कारण ते एकदा पटलात शिरले की पलीकडच्या अल्कलीमुळे आतच हायड्रॉक्साइडच्या रूपात बसतात आणि पटल निकामी करतात. आपल्याकडे भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था अशी पटले विकसित करते.

प्रयोगशाळेतील आमच्या मामांना या सगळ्यात एकच गोष्ट रुचली, ती तुरटीची. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात शहराची पाणी उपसा केंद्रे बुडाली आणि नळ कोरडे पडले, तेव्हा मामांच्या घरी मिळेल ते पाणी भरून त्यात तुरटीचा खडा फिरवत असत. पंचगंगेला पावसाळ्यात येणारे तांबडे गढूळ पाणी पाहिलेल्या कोणालाही तुरटीची करामत सांगावी लागत नाही. चिखलाच्या कणांवर ऋण प्रभार असतो, ॲल्युमिनिअमवर तिहेरी धन. कण जवळ येतात, हायड्रॉक्साइडच्या जेलीत गुरफटतात आणि तळाशी बसतात. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत हा गाळ ढिगांनी साठतो आणि त्यातील ॲल्युमिनिअम वाया जाते. अमेरिकेतील लीहाय विद्यापीठात अरूप सेनगुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ च्या सुमारास हे ॲल्युमिनिअम डोनन अपोहनाने परत मिळवून दाखवले. एका बाजूला आम्ल घालून विरघळवलेला गाळ, दुसऱ्या बाजूला सौम्य गंधकाम्ल, मध्ये धनायन-विनिमय पटल. हायड्रोजनचे तीन आयन गाळाकडे येतात, ॲल्युमिनिअमचा एक गंधकाम्लाकडे जातो, आणि गाळातील सेंद्रिय द्रव्ये, जी ऋणप्रभारी किंवा आकाराने मोठी असतात, ती मागेच राहतात.

तुरटी या कामासाठी फार बोलका पदार्थ आहे, कारण तिच्या एका खड्यात एकप्रभारी पोटॅशिअम, त्रिप्रभारी ॲल्युमिनिअम आणि द्विप्रभारी सल्फेट एकत्र नांदतात. हायड्रोजनचे गुणोत्तर ५ राखले, तर समतोलाला पोटॅशिअम ५ पट साठेल आणि ॲल्युमिनिअम १२५ पट. हे ऐकून मामांनी कपाटातून आपला खडा काढून दिला. आम्ही डावीकडे तुरटीचे पाणी आणि उजवीकडे सौम्य गंधकाम्ल भरले. ॲल्युमिनिअम ओळखण्यासाठी ॲसिटेट बफरमध्ये ॲल्युमिनॉन वापरले; ॲल्युमिनिअम असेल तर ते लाल रंग देते. पहिल्या तासाला उजवीकडच्या नमुन्यात काही दिसले नाही. तिसऱ्याला गुलाबी शंका. दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षानळी जास्वंदीसारखी लाल.

अडचण आली ती नंतर. तेच पटल पुढच्या गटाला द्यायचे होते, म्हणून नेहमीप्रमाणे मिठाच्या पाण्यात भिजवले. पाणी बदलले, पुन्हा भिजवले. तिसऱ्या धुण्यातही ॲल्युमिनॉन गुलाबी होत होते, आणि पटलावर हाताला चिकटपणा लागत होता. मिठाचे उदासीन पाणी लागले की ॲल्युमिनिअम जाळ्यातच हायड्रॉक्साइड होऊन बसते, हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते. आठवड्यापूर्वीच मी कॉस्टिकच्या कारखान्याची गोष्ट वर्गात सांगितली होती. पटल सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून रात्रभर ठेवले. सकाळी मामा आमच्या आधी येऊन थांबले होते. मी आम्ल ओतून टाकले, पटल दोनदा धुतले, शेवटच्या धुण्याचा नमुना परीक्षानळीत घेऊन त्यात बफर आणि दर्शक घातला आणि खिडकीसमोर धरला.

"आता तरी सोडलं काय त्यानं?" मामांनी विचारले.

गुलाबी छटा नव्हती. मी नळी त्यांच्या हातात दिली, आणि त्यांनीही ती खिडकीकडे धरून बराच वेळ निरखली.